माती कुठली, जाणार कुठे?

वाचकांचे प्रश्न, शिल्पकाराची उत्तरं

मृगाचा पाऊस झाला की आमच्या कुंभार गल्लीत दारोदारी माती भिजत पडते, आणि मला येणारी पत्रंही बहुतेक मातीचीच असतात. या वेळी त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या पत्राला जागा जास्त गेली, कारण ते प्रश्न मला स्वतःला अनेक वर्षं छळत आलेत.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला ‘माणूस आणि निसर्ग’ असा विषय दिलाय. एक बाई, तिच्या केसांच्या फांद्या झाल्यात, खांद्यावर पक्षी बसलाय, असं फायबरमध्ये करायचं मी ठरवलं होतं. सर म्हणाले, ‘हे आधी बघितल्यासारखं वाटतंय.’ मलाही तसंच वाटतंय. पण मग करू काय?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : सरांचं बरोबर आहे, आणि तुलाही ते जाणवलं याचा मला जास्त आनंद झाला. केसांच्या फांद्या झालेली बाई आपण कॅलेंडरवर पाहिलीय, हॉटेलच्या भिंतीवर पाहिलीय. तू करशील ते सुबकच होईल, शंका नाही. पण त्यात झाडाचा नुसता आकार असेल, झाड नसेल.

हे ऐकीव सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका गृहसंकुलासाठी मी चौदा फुटी फायबरचं झाड केलं. त्यांना फाटकाजवळ ‘निसर्ग’ हवा होता. मापं घ्यायला गेले तेव्हा तिथं एक जुना उंबर होता. त्याच्या सालीवर मी रबराचा साचा घेतला, खवल्यान् खवला उचलला. तीन आठवडे नुसत्या सालीवर घालवले. ढोलीत पोपट केले, फांदीवर माकडीण आणि तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू. काम मनासारखं झालं होतं. टेम्पोतून घेऊन गेलो, तर उंबराच्या जागी बुंधा. दोन दिवसांपूर्वी तोडलेला. कापलेल्या तोंडावर पांढरा चीक अजून ओघळत होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि चेंगरलेल्या उंबरांचे लाल डाग सगळ्या मुरमावर पसरले होते. मुळं कंपाउंडच्या भिंतीत जातात म्हणून काढला, असं कळलं. तिथून दहा पावलांवर मी माझ्या झाडाचे बोल्ट आवळून घेतले आणि घरी आले. एक शब्द बोलले नाही. ते न बोलणं मला आजही टोचतं.

त्यानंतर मी उंबराबद्दल वाचत सुटले. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो ना? ती फुलं दिसत नाहीत, कारण ज्याला आपण फळ समजतो त्याच्या आतच ती शेकड्यांनी मिटलेली असतात. गांधीलमाशीच्या कुळातला एक चिलटाएवढा जीव बारीक भोकातून आत शिरतो, पराग आणतो, तिथंच अंडी घालतो. तो नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर त्याला जन्माला यायला जागा नाही. फोडलेल्या उंबरात किडे दिसले की आपण ते फेकून देतो, पण झाडाचा वंश त्यांच्यावर चालतो. माझ्या चौदा फुटी झाडावर अशी एक माशीही कधी आली नसेल.

म्हणून माझं ऐकशील तर विषयाचं नाव काही दिवस विसर आणि सामानापासून सुरुवात कर. फायबर म्हणजे खनिज तेलातून आलेलं रेझिन आणि काचेचे तंतू. घासताना त्याची भुकटी छातीत जाते, आणि तुटल्यावर तो तुकडा मातीत मिसळत नाही. फायबरला कधी हात लावू नको असं मी म्हणत नाही. पण निसर्गाबद्दल बोलायचं आणि तेच सामान हातात, तर आधी त्या सामानाला उत्तर द्यावं लागतं.

रामकिंकर बैज यांनी 1938 साली शांतिनिकेतनात ‘संथाल कुटुंब’ उभं केलं. संगमरवर नाही, ब्राँझ नाही. सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या जांभ्याची खडी. डोक्यावर पाटी, कावडीत पोर, बरोबर कुत्रं, असं एक कुटुंब कामाच्या शोधात निघालंय. त्या शिल्पात एक पान नाही, तरी ती जमीनच उठून चालू लागल्यासारखी वाटते, कारण ती माणसं तिथल्याच खडीची आहेत. मृणालिनी मुखर्जींनी दोराला गाठी मारत मारत माणसाहून उंच रूपं विणली. ती देवी आहे की वेल, हे ठरवता येत नाही. छिन्नी नाही, साचा नाही, फक्त दोर आणि बोटं.

आता तुझ्याकडे काय आहे? नदीचा पोयटा आहे, पन्हाळ्याकडचा जांभा आहे, काळा दगड आहे, उसाचं पाचट आहे, चिपाड आहे. एक काम सांगते, ते कर. प्रयाग चिखलीला संगमावर जा आणि काठाचा पोयटा घे. जांभ्याच्या माळावरची तांबडी माती घे. तिसरी तुमच्या कागलकडच्या उसाच्या रानातली काळी माती घे. तिन्हींच्या तळहाताएवढ्या पाट्या थाप, प्रत्येकीवर आपला पंजा उमटव, सावलीत वाळव आणि एकाच भट्टीत भाज. काळी माती लाल होऊन बाहेर येईल, तिच्यातलं लोखंड आगीत बोलतं. ती बहुधा तडकेलही, कारण पाणी प्यायली की फुगायची आणि वाळली की आकसायची तिची रीतच आहे. तिन्ही पंजे आकसलेले असतील आणि प्रत्येक वेगळा. त्या तीन पाट्या समोर ठेवून आठ दिवस बस. बाईचं शिल्प करावंसं वाटलं तर त्यानंतर कर.

प्रश्न : मी गेल्या वर्षी ओढ्याकाठची माती आणून घरी गणपती केला. तिसऱ्या दिवशी सोंडेला आणि पोटाला भेगा गेल्या. शाडूच आणायला हवा का?
– एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : नको. शाडू छान असतो, पण तो बहुतेक गुजरातेतून पोत्यांनी येतो. तुमच्या ओढ्याची माती तुमच्या दारात आहे. चूक मातीची नव्हती, वाळवण्याची होती.

माती पूर्ण सुकवून फोडा, चार दिवस भिजत घाला, जुन्या सुती साडीतून गाळा आणि पोत्यावर पसरून पाणी जिरू द्या. मग मळा, भाकरीच्या पिठाहून जास्त मळा. गोळा तारेने मधोमध कापला की आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. पाच वाट्या मातीला एक वाटी चाळलेली बारीक वाळू घाला. नुसत्या चिकट मातीला आकसायला फार जागा लागते, वाळू तिला धरून ठेवते. आमच्याकडे भांड्यांच्या मातीत राख आणि घोड्याची लीद घालतात ती याच कारणानं.

आता पोट. तुम्ही ते भरीव केलं असणार. आमचे आबा म्हणायचे, “प्वाट जाड ठेवलंस की ते सगळ्यांच्या मागनं वाळतंय, आन् आदी वाळल्यालं फाडून टाकतंय.” मूर्ती थोडी घट्ट झाली की बुडातून चमच्याने कोरा, भिंत अंगठ्याएवढी ठेवा. सोंड जोडताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा आणि मातीची दाट राबडी लावून दाबा. पहिले दोन दिवस अंगावर ओलं फडकं, त्यानंतर सावली. पंखा नाही, ऊन नाही. सोंड आणि कान लवकर वाळतात, त्यांच्यावर फडकं एक दिवस जास्त ठेवा. भेग गेलीच तर तीत ओला गोळा कोंबू नका. तो आकसतो आणि भेग परत उघडते. कडा ओलसर करून जवळजवळ सुकी, घट्ट माती दाबून भरा.

बाजारातल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचं वेगळं आहे. जिप्सम साधारण दीडशे अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. त्या भुकटीत पाणी घातलं की ती ते पाणी परत घेऊन दगड होते, आणि मग पाण्यात सहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या नियमावलीत प्लास्टरच्या मूर्ती नकोत म्हटलं ते त्यामुळेच. तुमच्या मूर्तीचं विसर्जन घरच्या बादलीत करा. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : मूर्ती खडखडीत वाळलेली हवी. सुकी माती पाण्यात पडली की तासाभरात सुटायला लागते, ओलसर गोळा दिवसेंदिवस तसाच बसून राहतो. आणि रंग लावायचाच तर गेरू, हळद, काव. खाली बसलेली माती डब्यात घालून ठेवा, पुढच्या वर्षी तीच वापरा. माझ्या एका मैत्रिणीच्या घरात सात वर्षं एकच माती गणपती होतेय.

प्रश्न : तुम्ही दगडावर हातोडा मारता तेव्हा दगडाला दुखतं का?
– इयत्ता पाचवी, पन्हाळा

उत्तर : बाळा, दगडाला दुखत नाही असं मला वाटतं, पण तो बोलतो मात्र. मी दगड घ्यायला जाते तेव्हा आधी त्याच्यावर हळूच हातोडी वाजवते. अखंड असेल तर तो घंटेसारखा ‘ठण्ण’ वाजतो. आत कुठे चीर असेल तर ‘थप्प’. तसला दगड मी घेत नाही. तुझ्या गडावर दोन तऱ्हेचे दगड आहेत. एक भोकाभोकांचा तांबडा, तो जांभा. दुसरा काळा. काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस होता आणि जमिनीवरून वाहत होता. पुढच्या वेळी दोन्हींवर छोट्या खड्याने वाजवून बघ आणि आवाज कसे आले ते मला लिहून कळव. बुरुजाच्या चिऱ्यांवर नको, सुट्या पडलेल्यांवर.

प्रश्न : तुम्ही शिल्पकार आहात आणि दाराच्या मुठी, दिवे, पक्ष्यांची भांडीही करता. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. मला वाटतं, त्यात शिल्पकार वाया जातो. राग मानू नये.
– एक निवृत्त कलाशिक्षक, जयसिंगपूर

उत्तर : सर, राग कसला. पण मला हे पटत नाही, आणि मोकळेपणाने सांगते.

आपल्याकडचा कोल्हापुरी साज घ्या. कासव, मासा, कारलं, चंद्र, शंख, भुंगा. एवढं सगळं सोन्याच्या पत्र्यात, नखाएवढ्या आकारात. बाई सणाला तळं, मळा आणि आभाळ गळ्यात घालते. तो घडवणाऱ्याला कुणी शिल्पकार म्हटलं नाही, पण कारल्याचे काटे ज्याने तेवढ्यात बसवले त्याने कारलं नीट पाहिलं होतं. आपल्या चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला तिचं मोल आणखी एका गोष्टीत दिसतं : झाड, जनावर आणि माणसाचा पाय तिथं एकत्र येतात. इसामु नोगुची हे केवढे मोठे शिल्पकार. 1951 मध्ये ते जपानात गिफूला गेले, तिथले कागदी कंदील पाहिले आणि तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद व बांबूच्या काड्या घेऊन दिवे करू लागले. पुढे आयुष्यभर करत राहिले, आणि दगडही कोरत राहिले.

पक्ष्यांच्या भांड्याबद्दल सांगते, कारण ते मला एका मधमाशीने शिकवलं. पहिलं भांडं मी देखणं केलं होतं. गुळगुळीत, वर निळं लुकण म्हणजे काचेसारखा चकाकता थर, चार बोटं खोल. गच्चीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर दोन मधमाश्या मेलेल्या होत्या आणि चिमणी काठावर येऊन, पाय घसरून, उडून गेली. मी आठवडाभर खुर्ची टाकून बसले आणि पाहत राहिले. चिमणी पाण्यात उडी मारत नाही. ती काठावरून चालत, एकेक पाऊल टाकत उतरते आणि पोट भिजेल इतकंच आत जाते. मग मी काठ नदीच्या काठासारखा उतरता केला, लुकण काढून टाकलं, आणि ओल्या मातीवर नारळाच्या करवंटीने ओरखडे काढले, नखं रुतावीत म्हणून. मध्ये एक खडबडीत दगड ठेवला, त्यावर माश्या बसून पाणी पितात. बिनलुकणाच्या भांड्यातून पाणी झिरपतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते गारही राहतं. माणसाचं आणि निसर्गाचं नातं मला त्या सात दिवसांत जेवढं कळलं, तेवढं एकाही पुतळ्याने शिकवलं नाही. सर, यात मी वाया गेले असं मला खरंच वाटत नाही.

प्रश्न : आमच्या गावात 2005, 2019 आणि 2021 असा तीनदा पूर शिरला. स्टँडजवळ पुराचं स्मारक करावं असं ठरतंय. बारा फुटी नदीमातेची फायबरची मूर्ती करायची, असा बऱ्याच जणांचा कौल आहे. तुम्ही काय कराल?
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, नदीला आई मानणं यात काहीच चूक नाही. पुराचं पाणी दारात आलं की आपल्या बायका खण-नारळ घेऊन तिची ओटी भरतात, मीही भरलीय. आणि पाण्याला देवाचं रूप देणं फार जुनं आहे. आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. ती पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली. समुद्राचा देव व्यापाराच्या वाटेने घाट चढून आपल्या नदीकाठी येऊन राहिला होता. पण तुमची मूर्ती फायबरची, आणि पुढच्या पुरात ती उपटली गेली तर तरंगत खालच्या गावाला जाईल. हे मी पाहिलेलं आहे.

2019 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. माझी कार्यशाळा जयंती नाल्याच्या अंगाला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आम्ही सगळे तासातासाला विचारत होतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरांनाही पाठ आहेत. त्या वेळी पाणी दोन्ही मागे टाकून वर गेलं. जमेल तेवढं माळ्यावर चढवलं आणि बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर फायबरचे दोन जुने नमुने छताच्या वाशांत अडकले होते, तरंगत वर गेलेले. प्लास्टरचे साचे जागच्या जागी होते, भिजून फुसफुशीत झालेले. आणि खालच्या फळीवर बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचे मातीचे बैल होते, आबांनी त्यांच्या शेवटच्या वर्षी केलेले. अकरा बैल. मी ते भाजलेच नव्हते, बेंदराचा बैल कुणी भाजत नाही. त्या फळीवर चिखलाचे अकरा ढीग होते. शिंगांना लावलेल्या ज्वारीच्या काड्या तेवढ्या वर राहिल्या होत्या. ढिगांवर पुराचा गाळ बसला होता, आणि आबांची माती कुठे संपते आणि नदीची कुठे सुरू होते ते बोट घालूनही कळेना. मी तिथंच खाली बसले. रडले, आणि मग हळूहळू मन निवत गेलं. ती माती नदीकाठचीच होती. आबांनीच डोक्यावर वाहून आणली होती.

तो सगळा गाळ मी घमेल्याने भरून ठेवला. दर वर्षी त्यातलेच बैल करते.

वेल्समध्ये डेव्हिड नॅश नावाचे शिल्पकार आहेत. 1978 मध्ये त्यांनी ओक झाडाच्या लाकडाचा एक मोठा गोळा कोरला आणि तो ओढ्यातून वाहून कार्यशाळेपर्यंत आणायचा विचार केला. गोळा ओढ्यात अडकला. त्यांनी तो तिथंच राहू दिला. पुढे कित्येक वर्षं पूर येईल तसा तो थोडा थोडा पुढे सरकत राहिला आणि शेवटी खाडीपर्यंत गेला. तो कुठे पोचला याची नोंद ते ठेवत राहिले. पुराशी भांडण नाही, आणि पुराची भलावणही नाही. मला ती वृत्ती फार जवळची वाटते. तरी तुमच्या गावाला मी ते सुचवणार नाही. ज्यांचं घर वाहून गेलंय त्यांना वाहून जाणारं स्मारक कसं द्यायचं?

तुमच्या तालुक्यातच खिद्रापूरला कोपेश्वर आहे, कृष्णाकाठचा. स्वर्गमंडपात 48 खांब आणि छताला मधोमध मोठा गोल. ऊन, पाऊस, चांदणं थेट खालच्या गोल शिळेवर पडतं. बांधणाऱ्यांनी आभाळाला आत यायला जागा ठेवली. तसं काही करा.

मी काय करीन ते सांगते. काळ्या दगडाचा एक उभा खांब, बुडाशी रुंद, निम्मा जमिनीत गाडलेला. मूर्ती नाही, नाव नाही. तीन पुरांचं पाणी जिथवर आलं तिथं तीन आडव्या खाचा, खऱ्या उंचीवर, गावातल्या भिंतींवरच्या खुणा मोजून. खाचा कारागिराने नव्हे, गावाने काढायच्या. 2005 च्या खाचेसाठी तो पूर पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती छिन्नी द्या, 2021 च्या खाचेसाठी शाळेतल्या पोरांच्या. वाकडी आली तरी चालेल. भोवती बसायला कट्टा. खाचेत चार बोटं मावतील एवढी खोली ठेवा, म्हणजे येणारा-जाणारा तिथं हात घालील आणि पाणी आपल्या छातीशी होतं की डोक्यावर, हे अंगाने समजेल. सर्वांत वरच्या खाचेच्या वर दगड तीनेक फूट कोरा राहू द्या. तो का कोरा ठेवलाय, हे पोरं विचारतीलच.

दगड निवडायला मी येईन, त्याचे पैसे नकोत. बेंदूर होऊ द्या, मग एकदा कार्यशाळेत या. आणि येताना तुमच्या रानात पुराने आणून टाकलेला गाळ राहिला असेल, तर डबाभर घेऊन या. या वर्षीच्या बैलांत मला तो मिसळायचाय.